आई हॉस्पिसमध्ये आहे. या दिवसांत आपण स्वतः कोणाकडे पाहायचे?

काठावरची (धागाकर्ती)

माझी आई सध्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणाऱ्या ठिकाणी आहे. कर्करोग यकृतापर्यंत पसरल्यावर डॉक्टरांनी, बाबांनी आणि मी बसून, आणि मुख्य म्हणजे आईला विचारून, पुढचे उपचार थांबवण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिच्या वेदना आता बऱ्याच आटोक्यात आहेत, तिथल्या सिस्टर मायेने करतात आणि आईचा चेहरा रुग्णालयात असताना दिसायचा त्यापेक्षा शांत दिसतो. तिच्याबद्दल जेवढे करता येण्यासारखे होते तेवढे होते आहे.

प्रश्न माझा आहे आणि तो विचारतानाही संकोच वाटतो. रोज येणाऱ्या प्रत्येक फोनवर "आई कशी आहे?" असे विचारले जाते. मी उत्तर देते, समोरचा हळहळतो, "धीर धर" म्हणतो आणि फोन ठेवतो. कोणी "सकारात्मक राहा" म्हणते, कोणी उपचार का थांबवले याची उलटतपासणी घेते. आईसमोर रडायचे नाही, बाबांसमोर रडायचे नाही, कामाच्या ठिकाणी तर प्रश्नच नाही. रात्री घरी असले तर फोन उशाशी ठेवून झोपते आणि तो वाजला नाही तरी दचकून उठते. कधी तिच्या खोलीत बसलेली असताना मनात येते की हे आता संपावे, आणि पुढच्याच क्षणी आपण असा विचार केलाच कसा म्हणून अंगावर शहारा येतो. आई समोर आहे, मला ओळखते आहे, आणि तरी मला ती गेल्यासारखे दुःख होते आहे. हे इतरांनाही होते का? असे बोलायला माणूस कुठे शोधायचा? ज्यांनी हे दिवस पाहिले आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रातवा

ताई, मी अनेक वर्षे पॅलिएटिव्ह विभागात (आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागात) परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यामुळे पलंगाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते.

तुम्ही संकोच वाटतो असे लिहिले आहे, म्हणून आधी एक गोष्ट सांगते. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये १९६७ साली डेम सिसिली सॉन्डर्स यांनी केली असे मानले जाते. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. या तिन्ही भूमिकांतून रुग्णांजवळ बसल्यामुळे असेल, पण त्यांनी "समग्र वेदना" असा विचार मांडला: माणसाला दुखते ते केवळ शरीरात दुखत नाही, तर मनात, नात्यांत आणि आयुष्याच्या अर्थाविषयीच्या प्रश्नांतही दुखते. या विचारातूनच असे ठरत गेले की हॉस्पिसने सांभाळायचे ते रुग्ण आणि त्याचे कुटुंब असे दोन्ही मिळून. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही कुटुंबाला आजारपणात आणि मृत्यूनंतरच्या दुःखात आधार देणे हा या सेवेचा भाग आहे. त्यामुळे तुम्ही सिस्टरना स्वतःसाठी काही विचारले, तर ती त्यांच्या कामाच्या पलीकडची मागणी ठरत नाही.

व्यवहारात मात्र हे आपोआप घडत नाही, कारण सिस्टरच्या हातात एकाच वेळी अनेक रुग्ण असतात आणि नीटनेटकी, शांतपणे वावरणारी मुलगी पाहून ती सावरलेली आहे असे आम्हालाही वाटते. तुम्हाला तोंडाने सांगावे लागेल. "आईबद्दल नाही, मला माझ्याबद्दल बोलायचे आहे, कोण भेटेल?" इतके थेट विचारा. बहुतेक हॉस्पिसमध्ये समाजसेविका किंवा समुपदेशक असतात, काही ठिकाणी प्रशिक्षित स्वयंसेवक असतात, श्रद्धेच्या अंगाने बोलू शकणारी व्यक्ती असते. काही ठिकाणी घरी असलेल्या रुग्णाला थोडे दिवस दाखल करून घेऊन घरच्यांना विश्रांती देण्याची सोयही असते. सगळीकडे सगळे असेलच असे नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरे, तुमची रात्रीची दचक. माझ्या अनुभवात या भीतीचा मोठा भाग पुढे नेमके काय दिसणार आहे हे माहीत नसण्याचा असतो. तुम्हाला वाचायचे नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

शेवटच्या काळात भूक आणि तहान आपोआप कमी होते. शरीर बंद होत असते म्हणून ते अन्न मागत नाही. अन्न न मिळाल्यामुळे ते बंद होते असे नाही. त्यामुळे घास भरवण्याचा आग्रह करू नका. त्याऐवजी ओला केलेला मऊ स्पंज ओठांवरून आणि जिभेच्या कडेने हलके फिरवा, ओठांना मलम लावा. कोरड्या तोंडाला त्याने खरोखर बरे वाटते आणि आपल्यालाही हातांना काम मिळते. झोप वाढते. कधी गोंधळ, अस्वस्थता, चादर ओढत राहणे दिसते. ते सिस्टरना लगेच सांगावे, कारण त्यावर औषध देता येते. हातपाय थंड पडतात, त्वचेवर जांभळट जाळी दिसू लागते. श्वास एका लयीत राहत नाही: काही श्वास खोल आणि भरभर, मग उथळ, मग थांबलेला, आणि पुन्हा सुरू. त्या मधल्या थांब्यात नातेवाईक आपलाही श्वास रोखून बसलेले मी असंख्य वेळा पाहिले आहेत. घशातून घरघर येते ती साचलेल्या स्रावामुळे. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, पण बेशुद्धीकडे गेलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत असल्याची चिन्हे सहसा दिसत नाहीत. कुशीवर वळवल्याने ती बऱ्याचदा कमी होते.

मॉर्फिनविषयीही लिहिते, कारण उलटतपासणी घेणारे नातेवाईक तिथेच येऊन थांबतात. वेदना आणि धाप यांसाठी मोजून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू ओढवून आणला जात नाही. पुढे कधी आईला द्यायचा डोस तुमच्या हातून दिला गेला आणि त्यानंतर काही वेळात ती गेली, तर "मी दिले म्हणून" हा विचार मनात घर करू पाहील. तो आजच डॉक्टरांशी बोलून मोकळा करून घ्या.

पाऊलवाट

माझे वडील हॉस्पिसच्या देखरेखीखाली घरीच होते. तुमचे "हे आता संपावे" वाचले आणि त्या खोलीत पुन्हा जाऊन आल्यासारखे झाले. हे मलाही वाटत असे, माझ्या बहिणीलाही वाटत असे, आणि आम्ही दोघांनी ते एकमेकांना कितीतरी उशिरा सांगितले.

माणूस जिवंत असताना सुरू होणाऱ्या या दुःखाची दखल अभ्यासकांनी फार पूर्वी घेतली आहे. एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ सालच्या आपल्या निबंधात, येऊ घातलेल्या वियोगाचे दुःख आधीच भोगणाऱ्या माणसांबद्दल लिहिले होते. मला हे एका समुपदेशकाकडून कळले आणि त्या माहितीनेच निम्मे ओझे उतरले, कारण तोवर मी स्वतःला कृतघ्न समजत होतो. त्या समुपदेशक बाईंनी मला असेही विचारले की "संपावे" म्हणजे नक्की काय संपावे? वडील नसावेत असे मला एकदाही वाटलेले नव्हते. त्यांचे कण्हणे संपावे, आमचे वाट पाहणे संपावे, औषधांच्या वेळा लावलेला गजर संपावा, इतकेच होते. हा प्रश्न तुम्ही स्वतःला एकदा विचारून पाहा.

माणूस कुठे शोधायचा याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. आपण आधार जवळच्यांत शोधतो, पण घरातले सगळेच त्याच दुःखात असतात. बहिणीला माझे सांगायचे म्हणजे तिच्या ओझ्यावर माझे ठेवायचे. मला खरा आधार दिला तो कामावरच्या एका सहकाऱ्याने, ज्याच्याशी तोवर माझी फारशी मैत्रीही नव्हती. त्याची आई अशाच आजाराने गेली होती. त्याने एकही सल्ला दिला नाही. "काल रात्री झोप लागली का?" एवढेच तो विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा. तुमच्या ओळखीत असे कोणी ना कोणी नक्की असेल ज्याने हे पाहिले आहे. त्या व्यक्तीला आपणहून सांगा. अशी माणसे आपल्याला त्रास नको म्हणून दूर उभी असतात.

बाकीच्यांना, म्हणजे "काही लागले तर सांग" म्हणणाऱ्यांना, खरेच काहीतरी सांगा. आम्ही मावशीला एकच काम दिले: सर्व नातेवाईकांना रोजची खबर तिनेच द्यायची. त्या एका व्यवस्थेने आमचे फोन थांबले. शेजारच्या काकांना औषधांच्या दुकानात जाण्याचे काम दिले. लोकांना मदत करायची असते, पण काय करावे ते सुचत नाही, आणि मग ते सल्ला देतात.

काठावरची

दोघांचेही मनापासून आभार. रातवाताई, तो परिच्छेद मी सोडला नाही, दोनदा वाचला. भीती गेली असे म्हणणार नाही, पण तिला आता आकार आहे.

दोन गोष्टी राहिल्या. भाऊ परदेशात आहे, लहान बाळामुळे त्याला लगेच निघता येत नाही. तो रोज फोनवर मलाच सूचना देतो: डॉक्टरांना हे विचार, ते रिपोर्ट पाठव. मला त्याचा राग येतो. आणि आईशी काय बोलावे हेही कळत नाही. तिला सर्व माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे, पण आम्ही हवेबद्दल बोलतो.

दूरवरून

मी त्या भावाच्या जागी होते, म्हणून त्याच्या बाजूने थोडे लिहिते. दूर असलेल्या मुलाकडे करण्यासारखे काही उरत नाही, फक्त काळजी उरते, आणि मग ती प्रश्नांच्या रूपात बाहेर पडते. तुम्ही त्याच्यावर रागावलात तर तुमचे चुकत नाही, कारण त्या सूचनांचे काम तुमच्यावरच पडते. पण त्याला दुसरे काही करायला द्या. डॉक्टरांशी त्याने थेट ठरलेल्या दिवशी फोनवर बोलावे, कागदपत्रे आणि खर्चाचा हिशेब त्याने सांभाळावा, आणि रोज ठरावीक वेळी आईच्या कानाशी फोन धरला जावा, मग ती बोलो वा न बोलो. माझ्या आईजवळ असलेल्या वहिनीने माझ्यासाठी हे केले. मी फोनवरून आईला आमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत असे. पलीकडून उत्तर येत नसे, पण मला तिथे असल्यासारखे वाटत असे.

दिवाणखाना

मी समुपदेशक आहे आणि दुःखात असलेल्या कुटुंबांबरोबर काम करतो. आईशी काय बोलावे, या प्रश्नावर लिहितो.

मृत्यूच्या विषयाची सुरुवात तुम्ही करू नका, पण दार उघडे ठेवा. "आई, तुझ्या मनात काय चालले आहे?" असा साधा प्रश्न विचारून गप्प बसावे. ती हवेबद्दल बोलली तर हवेबद्दल बोलावे; शेवटच्या दिवसांत प्रत्येकाला मृत्यूवरच बोलायचे असते असे अजिबात नाही. ती "आता फार दिवस नाहीत" म्हणाली, तर "असे बोलू नकोस" म्हणून तिला थांबवू नका. तेवढे एक वाक्य आपण सर्वजण प्रेमापोटी म्हणतो आणि त्याने समोरची व्यक्ती एकटी पडते. त्याऐवजी "तुला कशाची काळजी वाटते?" असे विचारा. अनेकदा उत्तर अगदी लहान असते: बाबांच्या गोळ्या कोण पाहणार, कपाटातल्या त्या डब्यात काय आहे, अमुक व्यक्तीला निरोप द्यायचा राहिला आहे. अशी कामे तिच्यादेखत उरकता आली, तर दोघींनाही बरे वाटते.

आणि रडू आले तर आईसमोरही रडावे. तिने तुम्हाला आयुष्यभर रडताना पाहिले आहे. आईपणाची तेवढी एक गोष्ट, म्हणजे लेकीच्या डोक्यावरून हात फिरवणे, ती अजूनही करू शकते; ती तिच्याकडून काढून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

पुढे ती प्रतिसाद देईनाशी झाली तरी बोलत राहा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हॉस्पिसमधील रुग्णांच्या मेंदूतील विद्युत लहरी तपासल्या होत्या. प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजांची नोंद घेत होता असे त्यात दिसले. ऐकलेले त्यांना कळत होते का, हे त्यावरून सांगता येत नाही, पण बोलणे वाया जाते असे मानण्याचेही कारण उरत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल एवढेच सांगतो. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था अनेकांना माहीत असतात आणि आपण त्यांतल्या कितव्या पायरीवर आहोत हे लोक शोधत बसतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून, आणि सर्वांनी त्या क्रमाने चढाव्यात अशी ती शिडी नाही. मला कामात जास्त उपयोगी पडतो तो मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांचा १९९९ सालचा विचार. तो त्यांनी वियोगानंतरच्या दुःखाविषयी मांडला, पण या काळालाही लागू पडतो असे मला दिसते. माणूस कधी दुःखात बुडतो, कधी त्यापासून वळून रोजच्या कामांत रमतो, आणि हे दोन्हींमध्ये येणे-जाणे हेच सावरणे असते. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी तुम्ही मैत्रिणीबरोबर हसलात, तर आईला विसरलात असे होत नाही.

मात्र झोप पूर्णपणे उडाली, जेवण तुटले, छातीत धडधड होऊन घाबरे होऊ लागले, झोपेसाठी दारूचा किंवा गोळ्यांचा आधार घ्यावा लागला, किंवा आपणही नसावे असे वाटू लागले, तर मित्रांवर थांबू नका. शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि एकटे राहू नका.

उंबरा

वरील सर्व प्रतिसाद चांगले आहेत, पण ते वाचताना ज्यांच्या वाट्याला मायेचे आईवडील आले नाहीत, त्यांचाही विचार व्हावा असे वाटते. माझे वडील दारू पीत आणि मारत. ते हॉस्पिसमध्ये असताना भेटायला येणारा प्रत्येक जण मला "आता माफ करून टाक" असे सांगत असे. मी त्यांची सेवा केली, कूस बदलली, नखे कापली. माफ मात्र केले नाही, आणि ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. लोकांना शेवटी गळाभेट हवी असते. ती प्रत्येक घरात होत नाही. त्या हॉस्पिसमधल्या समाजसेविकेने मला सांगितले, "तुम्ही रोज येता, तेवढे पुरे आहे. काय वाटायला हवे ते कोणी ठरवू नये." या एका वाक्यावर मी ते दिवस काढले. ते गेल्यावर मला रडू आले ते त्यांच्यासाठी नव्हते, मला जसे वडील हवे होते त्यांच्यासाठी होते, आणि त्याबद्दल बोलायला मला नंतर बराच काळ समुपदेशन घ्यावे लागले.

दिवाणखाना

उंबरा, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल कृतज्ञ आहे. क्षमा ही मागून मिळवण्याची गोष्ट नाही, आणि मृत्यू जवळ आला म्हणून ती देणे बंधनकारकही होत नाही. गुंतागुंतीच्या नात्यातले दुःख अनेकदा अधिक काळ रेंगाळते, कारण त्यात जे गेले त्याबरोबर जे कधी मिळालेच नाही तेही असते. तुम्ही मदत घेतलीत हे फार चांगले केलेत.

पाऊलवाट

एक राहिले होते. काठावरची, तुमच्या रात्रीच्या फोनमागे आपण तिथे नसताना आई गेली तर, ही भीती आहे का? आमचे वडील गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो होतो. अख्खी रात्र बसून तेवढ्याच वेळात. हॉस्पिसच्या सिस्टरने सांगितले की घरचे क्षणभर बाहेर गेल्यावर प्राण सोडणारे रुग्ण त्या पुष्कळ पाहतात. का, ते कोणी सांगू शकत नाही. मी त्याचा अर्थ लावायचे सोडून दिले आहे, पण "मी तिथे नव्हतो" हे वाक्य मी आता स्वतःला ऐकवत नाही, कारण मी कितीतरी रात्री तिथे होतो.

काठावरची

हो, तीच भीती आहे.

काल सिस्टरना विचारले. शब्द रातवाताईंचेच वापरले. त्यांनी समाजसेविकेशी भेट ठरवून दिली आणि तिने मला आईविषयी एकही प्रश्न विचारला नाही. मी काय खाल्ले ते विचारले. मी बोलले त्यापेक्षा रडलेच अधिक. भावाला डॉक्टरांचा क्रमांक आणि वेळ दिली आहे, आणि आज संध्याकाळी आईच्या कानाशी फोन धरला. तिने डोळे उघडले नाहीत, पण त्याच्या बाळाचा आवाज आला तेव्हा बोटे हलली. आईने काल मला विचारले की तिच्या साड्या कोणाला द्यायच्या ते लिहून घेशील का. मी वही घेऊन बसले. उंबरा, तुमचे लिहिणे मी पुन्हा पुन्हा वाचले.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला आजीला भेटायचे आहे. बाबा नको म्हणतात. न्यावे का?

रातवा

तिला यायचे असेल तर न्या, ओढून मात्र नेऊ नका. जाण्याआधी तिथे काय दिसेल ते सांगा: आजी बारीक झाली आहे, जास्त वेळ झोपते, नळी लावलेली आहे, श्वासाचा आवाज वेगळा येतो. "आजी झोपी जाणार आहे" किंवा "लांब जाणार आहे" असे म्हणू नका. मुले ते शब्दशः घेतात आणि मग झोपायला घाबरतात. आजी खूप आजारी आहे, डॉक्टर तिला बरे करू शकत नाहीत आणि ती मरणार आहे, हे साध्या शब्दांत आणि तुमच्या तोंडून तिला कळू द्या. हा आजार तिला लागणार नाही आणि तिच्या कुठल्याही वागण्यामुळे तो झालेला नाही, हेही न विचारता सांगा, कारण मुले हे मनात ठेवतात. भेट छोटी असू द्या, तिला कंटाळा आला तर बाहेर घेऊन जाणारी एक मोठी व्यक्ती बरोबर ठेवा. चित्र काढून न्यायचे असेल तर पलंगावरून दिसेल अशा ठिकाणी लावायला सिस्टरना सांगा. बाबांनाही याच वेळी बरोबर घ्या. नातीला आजीशी बोलताना पाहून कदाचित त्यांनाही बोलणे सोपे जाईल. आणि त्या समाजसेविकेला पुढच्या भेटीत विचारून ठेवा की आई गेल्यानंतरही त्यांच्याकडे येता येते का. अनेक हॉस्पिस त्यानंतर बरेच महिने कुटुंबाच्या संपर्कात राहतात.